आयपर्फ-३: काही महिने लिंक भरून पाहिल्यावर

ब्राउझरमधली स्पीड टेस्ट एक आकडा देते आणि तो कुठे अडकला ते सांगत नाही. आयपर्फ-३ या दोन मशीनमधला वेग मोजणाऱ्या कमांड-लाइन साधनात दोन्ही टोके आपल्या ताब्यात असतात, म्हणून दोष शोधायला तेच बरे. एका मशीनवर डॅश एस देऊन सर्व्हर, दुसऱ्यावर डॅश सी आणि सर्व्हरचा पत्ता. पोर्ट ५२०१, फायरवॉलमध्ये टीसीपी (पोच घेत डेटा पाठवणारी पद्धत) आणि यूडीपी (पोच न घेता पाठवणारी) दोन्ही उघडायचे. जुन्या आयपर्फ-२ शी याचे जमत नाही, दोन्हीकडे ३ च हवे.

सगळ्यात जास्त घोळ दिशेचा होतो. साध्या कमांडमध्ये क्लायंट डेटा पाठवतो, म्हणजे मोजला जातो तो अपलोड. डाउनलोडसाठी डॅश कॅपिटल आर. घरचे कनेक्शन सीजीनॅटमागे (कंपनी अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी वाटून देते ती सोय) असले तरी हे चालते, कारण जोडणी क्लायंटच सुरू करतो. फक्त सर्व्हर पब्लिक आयपीवर हवा, भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर पुरतो.

डिफॉल्ट १० सेकंदांवर विसंबू नये. टीसीपी वेग हळूहळू वाढवते, त्यामुळे सुरुवातीचे आकडे सरासरी बिघडवतात. डॅश टी ६० आणि डॅश कॅपिटल ओ ५ दिले की पहिली ५ सेकंदे हिशेबातून जातात.

आधी घरातल्या घरात, केबलवर मोजावे. गिगाबिटवर ९४१ एमबीपीएस आले की लिंक ठणठणीत. उरलेला भाग हेडर आणि दोन फ्रेमांमधल्या मोकळ्या जागेत जातो, त्यामागे लागण्यात अर्थ नाही. ९४ च्या आसपास अडकले तर लिंक १०० वर उतरली आहे. बहुतेकदा क्रिंपिंग (केबलच्या टोकाला बसवलेला कनेक्टर) कच्चे असते: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. लिनक्सच्या एथटूल कमांडमध्ये स्पीड बघितली की लगेच कळते. २५० ते ३०० वरच थबकत असेल तर सर्व्हर म्हणून लावलेला छोटा संगणक रास्पबेरी पाय ३ बी प्लस आहे का बघा. त्याचे इथरनेट यूएसबी २.० वरून जाते. पाय ४ ला ही अडचण नाही. आणि सर्व्हर राउटरवरच चालवू नका, तिथे लिंकऐवजी राउटरचा सीपीयू मोजला जातो.

लांबच्या सर्व्हरवर एकच स्ट्रीम (एक जोडणी) कमी वेग दाखवते आणि डॅश कॅपिटल पी ४ देऊन चार समांतर स्ट्रीम केल्यावर पूर्ण वेग येतो, तेव्हा संशय विंडोवर (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) किंवा पॅकेट लॉसवर (वाटेत हरवणारी पॅकेट). ६४ केबीची विंडो आणि २० मिलिसेकंदांचा आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर येण्याचा वेळ) असेल तर २६ एमबीपीएसच्या वर जाताच येत नाही, प्लॅन कितीचाही असो. लिनक्सवर पाठवणाऱ्या बाजूला रिट्रान्समिटचा (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा) रकाना दिसतो. तो वाढत असेल तर लॉस, कोरा शून्य असेल तर आधी विंडो तपासा.

पण खरी किंमत कळते ती लिंक भरलेली असताना. टेस्ट चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी कमांड) लावा. रिकाम्या लाइनवर ६ मिलिसेकंद असलेला पिंग भार पडल्यावर दीडशे-दोनशेवर गेला, तर कुठल्यातरी बफरमध्ये रांग लागली आहे. व्हिडिओ कॉल तिथेच तुटतो. बहुतेक वेळा अपलोडमध्ये हे जास्त दिसते. उपाय ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरची मुक्त प्रणाली) एसक्यूएम आणि केक, म्हणजे रांग आटोक्यात ठेवणारी सोय आणि तिची पद्धत: दोन्ही दिशांची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवायची, पुन्हा मोजायचे आणि थोडी वर-खाली करायची. बदल्यात १० टक्के वेग जातो, हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटचे काम सीपीयूऐवजी चिपवर सोपवणे) बंद ठेवावे लागते आणि स्वस्त राउटरचा सीपीयू काहीशे एमबीपीएसवरच दमतो. तरीही सौदा फायद्याचाच.

यूडीपीत डॅश बी (किती वेगाने पाठवायचे) न दिल्यास ते १ एमबीपीएसवरच चालते. नवखे लोक इथे हमखास घाबरतात. १०० च्या लिंकवर आधी ५० द्या, मग ९०, आणि लॉस व जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार) बघा. १२० देऊन लॉस दिसला म्हणून कंपनीला फोन लावू नये.

खटकणाऱ्या गोष्टी: सर्व्हर एका वेळी एकच टेस्ट घेतो. विंडोजसाठी अधिकृत आवृत्ती नाही, फिरणारी बिल्ड्स इतरांची आहेत. ३.१६ च्या आधी सगळ्या स्ट्रीम एकाच थ्रेडवर चालत, त्यामुळे १० गिगाबिटवर सीपीयूच आडवा येई.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर तासाला लावणार असाल तर हिशेब करा: १०० एमबीपीएसवर ३० सेकंद म्हणजे ३७५ एमबी, दिवसाला ९ जीबी, महिन्याला सुमारे २७०, दोन्ही दिशा मोजल्या तर दुप्पट. एफयूपी (डेटा वापराची मर्यादा) असलेल्या प्लॅनवर रात्री ८ ते ११ एवढ्याच वेळेत लावा.