न्यूबी की स्मिथ-एल्डर?

१८४७ साली शार्लट, एमिली आणि ॲन या इंग्रज कादंबरीकार ब्राँटे बहिणींना लंडनमध्ये दोन प्रकाशक मिळाले: टॉमस न्यूबी आणि स्मिथ-एल्डर. यातला कोणता निवडावा? न्यूबीने पुस्तकं छापायला एमिली आणि ॲनकडूनच ५० पौंड आगाऊ उकळले, वर मुद्रितं (छापण्याआधी तपासायच्या प्रती) महिनोन्‌महिने रखडवली. शार्लटची ‘जेन आयर’ गाजल्यावर मात्र घाईघाईने दोघींची पुस्तकं काढली, तीही मुद्रितांत दुरुस्त करून दिलेल्या चुका तशाच ठेवून! पुढे ॲनची नवी कादंबरी त्याने शार्लटच्या टोपणनावावर खपवू पाहिली. आपण दोघी वेगळ्या, हे दाखवायला जुलै १८४८मध्ये शार्लट-ॲनला रातोरात लंडन गाठावं लागलं.

स्मिथ-एल्डरने शार्लटचं पहिलं हस्तलिखित नाकारलं, पण पत्र सविस्तर, आदराने लिहिलं. ‘जेन आयर’ तर दोन महिन्यांत बाजारात आणली. अर्थात तेही काही धर्मादाय नव्हते: शार्लटच्या पुढच्या ‘व्हिलेट’ कादंबरीचे ५०० पौंडच दिले, तेव्हा ती खट्टू झाली. तरी मी डोळे झाकून स्मिथच निवडेन.