घरच्या मत्स्यटाकीसाठी कॅनिस्टर फिल्टर आणि आरओचे पाणी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याच्या उपनगरातील आमच्या सोसायटीत वापराचे पाणी मुख्यतः बोअरचे असते आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर पडते. तीन फुटी, साधारण १३० लिटरच्या टाकीत एंजल, कार्डिनल टेट्रा आणि कोरिडोरास ठेवायचे ठरल्यावर खरा प्रश्न पाण्याचा उभा राहिला, कारण पाणी शुद्ध करणे या एका नावाखाली दुकानात दोन वेगळ्या कामांची उपकरणे दाखवली जातात. टाकीत भरायचे पाणी माशांना मानवेल असे करणे हे एक काम, आणि माशांमुळे टाकीत रोज तयार होणारे विष निकामी करणे हे दुसरे. नव्या टाकीतील मासे बहुधा या दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे मरतात, म्हणून त्याविषयी आधी लिहितो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खडे, स्पंज, सिरॅमिक रिंग अशा पृष्ठभागांना चिकटून वाढतात. त्यामुळे पाणी किती नितळ दिसते यापेक्षा फिल्टरमध्ये जिवाणूंना जागा किती आहे आणि त्यांच्यापर्यंत प्राणवायूयुक्त पाणी किती पोहोचते, हे मी निवडीचे निकष मानले. टाकीच्या आत बसणाऱ्या छोट्या फिल्टरात जेमतेम एक स्पंज मावतो. टाकीखालच्या कपाटात ठेवलेल्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे नळ्यांनी टाकीला जोडलेल्या बंद डब्यात, तीन टोपल्या भरून माध्यम (जिवाणूंना चिकटायला स्पंज, रिंगा वगैरे) बसते, म्हणून किंमत कितीतरी जास्त असूनही कॅनिस्टरच घेतला. तो लावल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासे सोडले नाहीत. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यात घाई करण्यात अर्थ नाही.

खोक्यावर ताशी १००० लिटरचा प्रवाह छापलेला आहे. टोपल्या भरून आणि पाणी खालून वर चढवून मी तो बादलीने मोजला, तेव्हा पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह ताशी ६०० लिटर. तीन फुटी टाकीला तो पुरेसा आहे, पण खरेदी करताना छापील आकड्यातून मोठी वजावट धरावी. हीच बादली आता साफसफाईची वेळही सांगते : ती भरायला दोन मिनिटे लागू लागली की मी डबा उघडतो. पहिल्या टोपलीतील स्पंजातून काळपट गाळ निघतो, तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून काढतो. मधल्या टोपलीतील रिंगांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. तो फिल्टरचा प्राण आहे, म्हणून रिंगा त्याच पाण्यात नुसत्या हलवून परत ठेवतो. नळाखाली चकाचक धुतलेला फिल्टर म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसाची टाकी.

कॅनिस्टरची एक उणीव गंभीर आहे. वीज गेली की बंद डब्यातील जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात आणि काही तासांनी आतले पाणी सडू लागते. वीज बराच वेळ गेली असेल, तर ते पाणी टाकीत जाऊ न देता आधी ओतून द्यावे लागते. म्हणून एका कोपऱ्यात साधा स्पंज फिल्टर कायम ठेवला असून त्याचा एअर पंप इन्व्हर्टरवर आहे. ही जोडी माझ्या मते एकट्या महागड्या फिल्टरपेक्षा जास्त भरवशाची आहे.

आता भरायच्या पाण्याविषयी. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ६२० च्या आसपास, तर घरच्या आरओचा ४० आहे. कार्डिनल टेट्रा मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातील मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याचे, तेव्हा निव्वळ आरओचे पाणी भरावे असे वाटणे साहजिक आहे; पण त्यात कार्बोनेट जवळजवळ नसल्याने पीएच स्थिर राहत नाही, तो एकदम घसरू शकतो आणि जिवाणूंचे कामही मंदावते. मी दोन्ही निम्मे-निम्मे मिसळतो, टीडीएस ३३० च्या जवळ येतो आणि दर आठवड्याला पाव टाकी बदलतो. पाणी बोअरचे असो वा टँकरचे, टीडीएस मीटर बुडवल्याशिवाय बादली टाकीत रिकामी करत नाही. आरओतून वाया जाणारे पाणी शुद्ध पाण्याच्या दुपटी-तिपटीने असते. ते पिंपात साठवून फरशी पुसायला वापरतो, नाहीतर पाणीटंचाईच्या शहरात हा छंद मनाला पटला नसता.

यूव्ही दिव्याचा आग्रह दुकानदाराने बराच केला. पाणी शेवाळामुळे हिरवे होत असेल तर तो उपयोगी पडतो, पण अमोनियावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून घेतला नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बनही नेहमीसाठी ठेवत नाही. औषधोपचारानंतर उरलेले औषध शोषून घ्यायला तो वापरतो आणि मग काढून टाकतो.

गप्पी, मोली किंवा प्लॅटी पाळायचे असतील तर आरओच्या खर्चात पडू नये, कारण त्यांना जड, क्षारयुक्त पाणीच मानवते आणि छोट्या टाकीत थोडे मासे असतील तर स्पंज फिल्टर पुरतो. महापालिकेच्या नळाचे किंवा टँकरचे पाणी असेल तर मात्र त्यातील क्लोरिन सोडियम थायोसल्फेटच्या थेंबांनी घालवल्याशिवाय ते टाकीत ओतू नये. क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधील जिवाणूही मारतो.