इंग्लिश सी १००० ऑनलाइन: सोळा आठवडे काढल्यावर

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये पहिल्या वर्षाच्या वाचन-लेखनाच्या कोर्सला पूर्वी कॉलेजागणिक वेगळं नाव होतं. कुठे इंग्लिश वन ए, कुठे इंग्लिश १०१. २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्टच्या आसपास सुरू होणारी टर्म) सगळीकडे एकच नंबर आला: इंग्लिश सी १०००, अकॅडेमिक रीडिंग अँड रायटिंग. बे एरियातल्या मराठी घरांत हा कोर्स घेणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक, शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट गोळा करणारी मुलं. दुसरे, एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या जोडीदारासोबत आलेले, भारतातली डिग्री हाताशी असलेले आणि इथे नर्सिंगसारख्या कोर्सची पूर्वअट म्हणून इंग्लिशकडे वळलेले. हा अनुभव दुसऱ्या गटासाठी आहे.

निकाल आधीच सांगून टाकते: कोर्स पैसे वसूल आहे, पण १६ आठवड्यांचा घ्या. ८ आठवड्यांचा घेऊ नका.

कारण साधं गणित आहे. कोर्स मोजायचं माप म्हणजे युनिट, आणि एका युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून ४८ ते ५४ तासांचं काम अपेक्षित असतं. ३ युनिटच्या कोर्सचे झाले १४४ ते १६२ तास. सोळा आठवड्यांत ते आठवड्याला ९-१० तास पडतात, आठ आठवड्यांत १८-२०. तासांचं एक वेळ जमवता येईल, पण खरं नुकसान वेगळंच होतं. निबंध तपासून यायला आठवडा-दहा दिवस लागतात. छोट्या टर्ममध्ये पहिल्या निबंधावरचे शेरे हातात पडेपर्यंत दुसरा देऊन झालेला असतो, म्हणजे तीच चूक दोनदा केलेली असते. या कोर्समध्ये शेरे हाच खरा माल आहे. व्हिडिओ आणि स्लाइड तर कुठेही फुकट मिळतात.

फीचं बोलायचं तर रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर, म्हणजे ३ युनिटचे १३८, वर हेल्थ फीसारख्या किरकोळ रकमा. रहिवासी नसाल तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. एच-४ वर असलेल्यांनाही कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून मान्यता मिळू शकते, मात्र टर्मआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहून झालेलं हवं आणि ते कागदोपत्री दाखवता यायला हवं. भाडेकरार, वीजबिल, सगळं एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर इथे अडू शकतं. स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि दोघांची नावं असलेला राज्याचा टॅक्स रिटर्न आधीच काढून ठेवा. वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट'ची खूण असलेला वर्ग निवडलात तर पुस्तकाचा खर्चही वाचतो, आणि त्या वर्गांतलं साहित्य कमी दर्जाचं असतं असं अजिबात नाही.

प्रवेशपरीक्षा आता नसते. एबी ७०५ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानंतर शाळेतले मार्क बघून थेट या पातळीवर बसवतात. अमेरिकेतल्या शाळेचे मार्क नसतील तर एक प्रश्नावली भरून आपली पातळी आपणच ठरवायची असते. त्यात 'सपोर्ट'सह असलेला, म्हणजे जोडीला जादा मदत मिळणारा वर्ग घ्यायचा का, असा पर्याय दिसतो. एक-दोन युनिट जास्त पडतात. इंग्लिश माध्यमात शिकलो म्हणून बरेचजण तो बाणेदारपणे नाकारतात. पण शेवटचा सलग चार पानी मजकूर कॉलेजात असताना लिहिला असेल, तर घ्यावा.

पहिल्या आठवड्याबद्दल नीट ऐका. ऑनलाइन वर्गात लॉगिन करणं म्हणजे हजेरी नव्हे. ओळखीची पोस्ट किंवा सिलॅबसवरची छोटी क्विझ दिली नाही तर शिक्षक 'नो शो' म्हणून नाव काढतात, आणि त्यांना ते काढावंच लागतं. मग वेटलिस्टवरचा कोणीतरी त्या जागी येतो.

सगळा कारभार कॅनव्हास या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर चालतो. त्यातले सापळे थोडेच आहेत, पण प्रत्येक टर्मला कोणीतरी त्यांत अडकतंच. वरचा एकूण टक्का फक्त तपासून झालेल्या कामाचा असतो. पहिल्या महिन्यात ९७ दिसतात ते क्विझचे, निबंध अजून त्यात आलेलेच नसतात. शिक्षकांचे शेरे दोन ठिकाणी पडतात: बाजूच्या कॉमेंटमध्ये दोन ओळी आणि खुद्द निबंधाच्या कडेला पंधरा-वीस टिपा. 'व्ह्यू फीडबॅक' दाबल्याशिवाय त्या टिपा दिसत नाहीत, आणि मग 'सरांनी काहीच सांगितलं नाही' अशी तक्रार सुरू होते. गूगल डॉक्सची लिंक देऊ नका. परवानगी बंद राहिली तर शिक्षकांना कुलूप दिसतं आणि काम उशिराचं धरलं जातं. वर्डची (.docx) किंवा पीडीएफ फाइलच चढवा.

मधल्या काळात भारतात जाणं होणार असेल तर हेही लक्षात ठेवा. रविवारची रात्री ११:५९ ची मुदत भारतात सोमवारी दुपारी १२:२९ ला संपते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की तीच १:२९ होते. कॅनव्हासच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बदलला की मुदती स्थानिक वेळेत दिसू लागतात.

आता वाचन. आठवड्याला २० ते ३० पानं असतात आणि ती कादंबरीसारखी वाचून काही हाती लागत नाही. पिवळा हायलायटर तर कुचकामीच, कारण शेवटी अख्खं पान पिवळं होतं. उपयोगी पडते ती दोन रकान्यांची टीप. प्रत्येक परिच्छेदासमोर डावीकडे लेखक काय म्हणतो ते, आणि उजवीकडे तो परिच्छेद काय काम करतो ते लिहायचं: 'विरोधकांची बाजू मांडतो', 'आकडे देतो', 'मागचा दावा सौम्य करतो'. उजवा रकाना भरायला पहिले दोन आठवडे जीव जातो. पण दुसरा निबंध बहुधा वक्तृत्व-विश्लेषणाचा असतो, म्हणजे लेखक वाचकाला कसा पटवतो हे उलगडून दाखवायचं असतं. तेव्हा हाच रकाना म्हणजे अर्धा निबंध होतो. तो नसेल तर माणूस सारांश लिहून मोकळा होतो, आणि सारांशाला इथे सी ग्रेड मिळाली तरी खूप.

लेखनात आपली गाडी कुठे अडते? इंग्लिशवर खापर फोडण्यात अर्थ नाही. ए आणि द च्या चुका शिक्षक खुणावतात, पण गुण देताना भाषेचा वाटा लहान असतो, मुद्दा, पुरावा आणि रचना यांचा मोठा. अडते ती शाळेतल्या निबंधाच्या सवयीने. आपल्याकडे सुविचाराने सुरुवात, मग 'आजच्या युगात', मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी दोन्ही बाजूंना थोडं थोडं. इथे पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटी ठाम दावा लागतो, आणि तो असा लागतो की समोरचा शहाणा माणूस त्याला नाही म्हणू शकेल. 'सार्वजनिक ग्रंथालये समाजासाठी महत्त्वाची आहेत' हा दावा होत नाही, त्याला कोण नाही म्हणणार? 'शहराला खर्च कापायचाच असेल तर तो डागडुजीत कापावा, रविवारच्या तासांत नको, कारण घरी इंटरनेट नसलेल्या मुलांचा गृहपाठ रविवारीच होतो' हा झाला दावा. यातून पुढचे तीन परिच्छेद आपसूक निघतात: रविवारी कोण येतं, डागडुजी पुढे ढकलल्याने काय होतं, आणि इतर दिवसांचे तास का पुरत नाहीत.

दुसरी अडचण उद्धरणांची. वाक्य अवतरणात टाकायचं आणि पुढे जायचं, ही आपली पद्धत. इथे ते कोणाचं आणि कुठल्या संदर्भातलं हे आधी, मग अवतरण, मग कंसात आडनाव आणि पान, आणि त्यानंतर आपली निदान दोन वाक्यं: याने माझा मुद्दा कसा पुढे जातो. परिच्छेद अवतरणावर संपला की कडेला 'सो व्हॉट?' असा शेरा हमखास येतो.

तिसरी अगदी बारीक, पण ती मराठीतूनच येते. 'लेख वाचून माझं मत बदललं' हे मराठीत निर्दोष आहे. तेच इंग्लिशमध्ये 'आफ्टर रीडिंग द आर्टिकल, माय ओपिनियन चेंज्ड' असं उतरतं आणि लाल रेघ येते, कारण इंग्लिश व्याकरणानुसार तिथे लेख वाचला तो मताने. 'आफ्टर रीडिंग द आर्टिकल, आय चेंज्ड माय ओपिनियन' हवं. तसंच स्वल्पविरामाचं: 'पाऊस आला, छत्री नव्हती, भिजलो' असं आपण खुशाल जोडतो. इंग्लिशमध्ये दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती 'कॉमा स्प्लाइस' नावाची चूक. निबंध देण्याआधी फक्त या दोन गोष्टींसाठी एक वाचन वेगळं करा, आणि मोठ्याने करा.

एमएलएची, म्हणजे निबंध आणि संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धतीची मांडणी एकदा साचा करून ठेवली की कायमची डोकेदुखी जाते. १२ पॉइंट, सगळीकडे डबल स्पेस, चारी बाजूंना १ इंच, उजवीकडे वर आडनाव आणि पान क्रमांक, वेगळं मुखपृष्ठ नाही. वर्डमध्ये परिच्छेदानंतरची जागा शून्य करायला विसरतात, मग ओळींमध्ये खिंडारं दिसतात. संदर्भयादी नव्या पानावर, आणि प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत. ही आतली ओळ स्पेसबार दाबून आणू नका. गूगल डॉक्समध्ये फॉरमॅट, अलाइन अँड इंडेंट, इंडेंटेशन ऑप्शन्स, हँगिंग. ग्रंथालयाच्या डेटाबेसमधलं 'साइट' बटण तयार नोंद देतं, पण शीर्षक कधी कधी पूर्ण कॅपिटलमध्ये येतं, कधी तारीख गळते. चिकटवण्याआधी तपासा.

टर्निटिन हे निबंध इतर मजकुराशी ताडून किती टक्के जुळतो ते दाखवतं. त्या टक्क्याने घाबरू नका. अवतरणं आणि संदर्भयादी धरूनही १८ टक्के येतात आणि त्यात काही गैर नसतं. उलट ६ टक्क्यांतही चोरी असू शकते, जर ते ६ टक्के म्हणजे एकच सलग परिच्छेद असेल. शब्द इकडेतिकडे करून मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवणं, यात आपली माणसं अजाणता सापडतात. उपाय: मूळ पान बंद करा, मुद्दा मराठीत मोठ्याने सांगा, मग इंग्लिशमध्ये लिहा. आश्चर्य वाटेल इतका चालतो.

एआय शोधकांचं, म्हणजे मजकूर यंत्राने लिहिलाय का ते ओळखू पाहणाऱ्या साधनांचं प्रकरण मात्र खरंच त्रासाचं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात शोधक तपासले, तेव्हा टोफेल या इंग्लिशच्या परीक्षेसाठी माणसांनीच लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त 'यंत्राने लिहिलेले' ठरले. साधी, सरळ, ठरावीक शब्दांची वाक्यं यंत्रासारखी दिसतात, आणि परक्या भाषेत आपण नेमकी तशीच लिहितो. म्हणून पहिल्या टिपणापासून सगळं एकाच गूगल डॉक्समध्ये लिहा. व्हर्जन हिस्टरीत खाडाखोड तारखेनिशी राहते आणि वेळ आली तर तीच साक्षीला उभी राहते. दुसरीकडे लिहून शेवटी आख्खा मजकूर चिकटवलात तर तो पुरावा गेला. भाषा सुधारणाऱ्या ग्रामरलीला अख्खं वाक्य बदलू देणंही अंगाशी येतं, स्पेलिंगपुरतं ठीक.

चर्चेच्या पोस्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुरुवारी आपली, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, 'आय अग्री' म्हणून भागत नाही. सहाध्यायांची तपासणी बऱ्याचदा गुळमुळीत निघते. त्यापेक्षा कॉलेजचं ऑनलाइन रायटिंग सेंटर वापरा. फीमध्येच असतं आणि बहुतेकजण तिकडे फिरकतही नाहीत. निबंध देऊन 'बघा कसा झालाय' म्हणू नका. 'तिसऱ्या परिच्छेदातला पुरावा दाव्याला धरून आहे का' असं नेमकं विचारलंत तर उत्तरही नेमकं मिळतं.

टर्म संपली की काही आठवड्यांत कोर्स बंद होऊ शकतो. त्याआधी सिलॅबसची पीडीएफ आणि शेऱ्यांसकट सगळे निबंध उतरवून घ्या. पुढे दुसऱ्या राज्यातलं कॉलेज क्रेडिट द्यायच्या आधी सिलॅबसच मागतं.