वीस हजार गेमचा डबा घेतला: कन्सोलवाले फोल्डर पैसा वसूल, कॉम्प्युटरवाल्यांचे मात्र हाल

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातनं गेल्या महिन्यात तो टीव्हीला लावायचा जुन्या गेमचा डबा घेतला, सत्तावीसशे रुपये, सोबत दोन बिनवायरचे रिमोट (दुकानदार रिमोटच म्हणतो, आपण पण लहानपणी रिमोटच म्हणायचो), आणि खोक्यावर छापलंय वीस हजार गेम. आता ज्यांचं लहानपण ९९९९९९९ इन १ च्या कॅसेटवर गेलंय त्यांना ह्या आकड्याचं काय कौतुक ओ. तेव्हा पण मेनू संपता संपायचा नाही आणि खरे गेम निघायचे मोजून सात-आठ, बाकी नुसता नंबर वेगळा. इथं पण तीच गंमत, टँकचे (खरं नाव बॅटल सिटी, नाम्कोचा, १९८५ चा) चौदा प्रकार सापडले, मग मोजायचं सोडून दिलं.

तरी घेतला, कारण ह्यात निन्टेंडो सेगाचे कन्सोल (म्हणजे टीव्हीला लावून फक्त गेम खेळायची मशीनं) सोडून जुने होम कॉम्प्युटर पण आहेत, झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अमिगा, एमएसएक्स. हे आपल्याकडे फार कुणी बघितलेच नाहीत. स्पेक्ट्रम परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस नावानं भारतात विकायचे म्हणे, पण आमच्या गल्लीत व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला लावायचा चायना डबा, नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पैसे देऊन खेळायचं, एवढंच.

आता मुद्द्याचं. कन्सोलचे गेम कमी का आणि कॉम्प्युटरचे हजारोंनी का, हे फोल्डर उघडून बसलं की आपोआप कळतं. १९८३ ला अमेरिकेत रद्दी गेमचा इतका महापूर आला की बाजारच बसला, अटारी ह्या गेम कंपनीनं न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोत खड्डा खणून पुरल्या, २०१४ ला लोकांनी त्या उकरून पण काढल्या. त्यातनं शहाणा होऊन निन्टेंडोनं आपल्या एनईएस मशीनमध्ये लॉकची चिप टाकली आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची परवानगी दिली, म्हणून एनईएसचे अमेरिकेत अधिकृत गेम पावणेसातशेच्या आसपासच. पण त्यातला कुठलाबी उघडा, सुरू होतो, बटणं दोन, पहिल्या मिनिटाला कळतंय काय करायचं. भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याला कॉन्ट्रा दिला, काही सांगावं लागलं नाही, फक्त तीस लाइफचा कोड मी सांगितला (तो हात अजून विसरला नाही बरं का, वर वर खाली खाली).

स्पेक्ट्रमला असला कुणी वॉचमन नव्हता. घरी बसून गेम लिहायचा, टेपवर भरायचा, विकायचा. मॅनिक मायनर १९८३ ला मॅथ्यू स्मिथनं एकट्यानं लिहिला, विशीच्या आतलं पोरगं. त्यामुळं फोल्डरमध्ये कचरा भरपूर, पण मधेच असलं काहीतरी विचित्र निघतं की कन्सोलवर कुणी परवानगीच दिली नसती. रंग मात्र बघायची सवय लागते. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन आणि एका चौकोनात दोनच रंग, त्यामुळं हिरो झाडापुढनं गेला की झाड पण त्याच्याच रंगाचं होतंय, नवी चादर पहिल्या धुण्यात बनियनला रंग लावते तसं.

आणि इथंच ह्या डब्याची गोची. मेनूतनं स्पेक्ट्रमचा गेम दाबला की थेट सुरू व्हायला पाहिजे, पण निम्मे गेम नुसती पांढरी स्क्रीन देऊन थांबतात. रिमोटची सगळी बटणं दाबली, काय नाही. शेवटी मुलीच्या कॉम्प्युटरचा यूएसबी कीबोर्ड काढून आणला. टेपवरनं गेम भरायला लोड हा हुकूम द्यावा लागतो, पण ह्या मशीनवर तो टाइप करायचा नसतो, 'जे' अक्षराचं बटण दाबलं की अख्खा शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्टबरोबर 'पी' दोनदा, दोन अवतरणचिन्हं, एंटर. लगेच कडेला लाल निळे पट्टे पळायला लागले आणि किर्रर्र आवाज, घरातनं विचारणा झाली टीव्ही गेला का म्हणून. आपण ज्याला कॅसेट म्हणायचो ती कॅसेट नव्हतीच, आत नुसती चिप असायची, ही खरी टेपची कॅसेट, अन् ती भरायला काही मिनिटं लागायची. मला लई भारी वाटलं, भाचा तेवढ्यात उठून गेला.

कमोडोर ६४ चं वेगळं. त्याची आवाजाची चिप, सिड, एका वेळी फक्त तीन सूर, पण रॉब हबर्डसारख्या संगीतकारानं त्यातनं असलं काय काय काढलंय की कमांडो गेम लावायचा आणि खेळायचं नाही, नुसतं ऐकत बसायचं. एलिट पण आहे, अंतराळात व्यापार करायचा गेम, १९८४ ला बीबीसी मायक्रो ह्या ब्रिटिश कॉम्प्युटरवर आलेला, आठ आकाशगंगा आणि प्रत्येकात २५६ ग्रह, ते साठवलेलेच नाहीत, आकडेमोड करून तिथल्या तिथं तयार होतात. खेळायला निम्मा कीबोर्ड लागतो, म्हणजे ह्या डब्याच्या रिमोटवर शून्य.

तुलनाच करायची तर स्ट्रीट फायटर टू लावून बघा. गेमला हल्ल्याची सहा बटणं, सुपर निन्टेंडोच्या रिमोटला बोटाखाली बरोबर सहा, प्रश्नच मिटला. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या जुन्या रिमोटला तीन, स्टार्ट दाबून लाथा-बुक्क्या बदलायच्या. आणि अमिगा, चित्र आणि आवाजात ह्या सगळ्या कॉम्प्युटरांचा बाप, पण जॉयस्टिकला बटण बहुतेक एकच. त्यापेक्षा अमिगावर लेमिंग्ज लावा (१९९१), माउसनं खेळायचा, तो तिथंच शोभतो.

सेगाच्या फोल्डरमध्ये एक चूक आहे, सोनिकची युरोपवाली प्रत भरलीय, ती ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० चित्रं) चालते, ६० वर नाही, त्यामुळं सोनिक जेवण करून पळाल्यासारखा पळतो. मी दुसरी प्रत शोधून टाकली.

तिसऱ्या आठवड्यात मेमरी कार्ड उडालं. भाच्याचा फोन, "मामा, ते बंद पडलं की ओ." दुकानात गेलो तर "कार्डाची गॅरंटी नसते ओ साहेब", आणि वर नवीन कार्ड साडेनऊशे. नशीब पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर सगळं कॉपी मारून ठेवलेलं, बाहेरनं कार्ड घेऊन परत भरलं. हे गेम कुणाच्या हक्कानं भरून विकतात ते विचारलं तर दुकानदार नुसता हसतो.

घ्यायचा तर एनईएस, सुपर निन्टेंडो आणि सेगासाठी घ्या, साडेतीन स्टार. कॉम्प्युटरवाल्या फोल्डरसाठी घेणार असाल तर कीबोर्ड आणि माउस घरचे लावा, नाहीतर दीड. माझा आता तिथंच वेळ जातोय, नाइट लोरमध्ये (स्पेक्ट्रमचा, १९८४, अल्टिमेट कंपनीचा, हाच कारखाना पुढं रेअर झाला आणि सुपर निन्टेंडोला डाँकी काँग कंट्री दिला) चौथ्या खोलीत अडकलोय, आणि कीबोर्ड मुलगी परत मागतीय.