टाटा-मर्सिडीजच्या इंजिनाचे सुटे भाग : ट्रान्सपोर्ट नगरातील बिनपाटीचे दुकान

खरगोनचा कापूस इंदूरच्या गिरण्यांपर्यंत वाहून आणणारा आजोबांचा १९६२ सालचा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा, असे आम्ही भावंडांनी मागच्या दिवाळीत ठरवले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डाइम्लर-बेन्झ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ या काळात होते. बॉनेटवर तीन टोकांचा तारा असलेल्या त्या काळच्या गाड्यांचे इंजिनाचे भाग शोधणे किती जिकिरीचे आहे, हे काम हाती घेतल्यावरच कळले.

पहिली चूक आमचीच झाली. कागदपत्रांवरचे साल आणि मॉडेल सांगून एका दुकानातून पिस्टन-रिंगांचा संच घेतला आणि घरी आल्यावर एक रिंग सिलिंडरमध्ये सरकवून पाहिली, तेव्हा तिच्या दोन टोकांमध्ये माझ्या करंगळीचे टोक सहज मावत होते. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असायला हवी. दुकानदाराने माप न विचारता डबा हातात ठेवला होता आणि पुढे तो परतही घेतला नाही.

त्यानंतर इंदुरातल्या नवलख्याजवळच्या ट्रान्सपोर्ट नगरातील या दुकानाचा पत्ता एका मिस्त्रीने दिला. दुकानाला पाटी नाही. दारात जुन्या सिलिंडर हेडांची चळत आहे, तीच खूण. गल्ल्यावरच्या वयस्कर काकांनी गाडीचे नाव ऐकूनच घेतले नाही. “पुराना पिस्टन लाओ,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिस्टन नेल्यावर त्यांनी तो डिझेलमध्ये बुडवला, पितळी ब्रशने माथ्यावरची काजळी खरवडली आणि खाली ठोकलेले आकडे मला भिंगातून दाखवले. मग मायक्रोमीटर लावून खात्री केली. आमच्या गाडीत मूळचे ३१२ मॉडेलचे इंजिन नव्हतेच! कोणीतरी, बहुधा आजोबांच्याच हयातीत, ६९२ चे इंजिन बसवले होते. ३१२ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९० मिलिमीटर, तर ६९२ म्हणजे नावाप्रमाणेच सहा सिलिंडर आणि ९२ चा बोअर. त्यातही आमचे पिस्टन अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठे, निघाले. अडीच मिलिमीटरचा हा फरक परिघावर जवळपास आठ मिलिमीटर होतो, आणि तीच ती करंगळीएवढी फट.

याहून मोलाचा वाटला तो त्यांचा पुढचा सल्ला. एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन त्यांच्याकडे तयार होते आणि ते विकून ते मोकळे होऊ शकले असते. पण ब्लॉकमध्ये नवे लायनर (सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नळ्या) दाबून बोअर पुन्हा स्टँडर्डवर आणा, म्हणजे पुढच्या खेपेलाही ब्लॉकमध्ये जागा उरेल, असे त्यांनी समजावून सांगितले. आम्ही सहा लायनर, सहा पिस्टन आणि रिंगा घेतल्या. बेअरिंग मात्र मागूनही दिले नाहीत. क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, झिजलेले असतात, ते ग्राइंड करताना इंचाच्या हजाराव्या भागात दहा, वीस, तीस की चाळीस यांपैकी कोणत्या मापावर उतरतील हे आधी सांगता येत नाही; म्हणून ग्राइंडिंगनंतर माप घेऊन या, असे ते म्हणाले. गिऱ्हाईक पैसे काढून उभे असताना माल न देणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला.

उणिवाही सांगायला हव्यात. भाव एकच, घासाघीस चालत नाही, व्यवहार रोखीचा. डिझेल इंजेक्शन पंपाच्या कामाला ते हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण त्यातले प्लंजर (दट्ट्या) व बॅरल (त्याची नळी) जोडीनेच घासून जुळवलेले असतात आणि त्यांची तपासणी टेस्ट बेंचवरच व्हायला हवी. जुन्या साठ्यातील रबराच्या वस्तू मात्र येथून अजिबात घेऊ नयेत. आम्ही घेतलेले क्रँकचे ऑइल सील घरी येऊन नुसते वाकवले तर कडेला बारीक चिरा पडल्या. काकांनी ते कुरकुर न करता परत घेतले, पण त्यांच्याकडे दुसरे नव्हते. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून नवे सील बेअरिंगच्या दुकानातून आणावे लागले.

येथे जाणाऱ्याने गाडीचे कागद घरी ठेवले तरी चालतील. जुना पिस्टन, ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक आणि उतरवलेले बेअरिंग मात्र फडक्यात गुंडाळून न्यावे. आमचा क्रँकशाफ्ट सध्या लेथवाल्याकडे आहे, आणि जर्नलची मापे हाती आली की बेअरिंगसाठी आम्ही याच दुकानात जाणार आहोत.