शाळेत धर्म शिकवताना : सांगलीतली दोन दिवसांची शिक्षक-कार्यशाळा

माध्यमिक शिक्षकांनी या कार्यशाळेला जरूर जावे. सोबत मिळणारा पालकांच्या संमतिपत्राचा नमुना मात्र आहे तसा वापरू नये.

पहिला दिवस उत्तम. संविधानाचे कलम 28 नुसते वाचून दाखवत नाहीत, शाळेच्या प्रकारानुसार उलगडतात. जिल्हा परिषदेसारख्या, पूर्ण सरकारी निधीवरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत देता येते, पण संमतीशिवाय कुणाला त्यात बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. धर्मांविषयी माहिती देणे ही वेगळी गोष्ट, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले आहे.

हा फरक वाक्यरचनेतून पक्का करून घेतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. ‘उपवासाने कर्मांची निर्जरा होते’ (म्हणजे कर्मे झडून जातात) हा उपदेश झाला, ‘...होते, असे जैन मानतात’ ही माहिती. चूक कुठे होते? परक्या धर्माबद्दल ‘असे मानतात’ आपसूक येते, स्वतःच्या धर्माबद्दल बोलताना नेमके गळते. वहीत दोन्ही वाक्ये शेजारी लिहिली की ते लगेच दिसते.

आता संमतिपत्र. त्यात ‘हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे’ असे छापले आहे. हे उलटे आहे. पालक गप्प राहिले म्हणजे संमती मिळाली, असे होत नाही. ‘संमती आहे’, ‘संमती नाही’ अशा दोन चौकटी करा, आणि सही आली नाही तर ‘नाही’ धरा. जातीचा रकाना काढून टाका, त्याचे इथे काहीच काम नाही. तासाला न बसणाऱ्या मुलाला वाचनालयात बसवा. व्हरांड्यात उभे केले तर त्याला शिक्षा झाली असेच बाकीच्यांना वाटते.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याला भेट असते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच असल्याने संगीताचा धागा छान जुळतो. पण वर्ग घेऊन जायचे तर काय, हे कुणी सांगत नाही. गुरुजी झुकले की अख्खा वर्ग झुकतो. म्हणून शिक्षकांनी बाजूला उभे राहावे, आणि फुले वाहणे, हात जोडणे कुणाला भाग नाही, हे बसमध्येच सांगावे. वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलीला ‘तू सांग गं’ म्हणून पुढे करू नये. ती तिथे विद्यार्थिनी म्हणून आलेली असते.