टॅटिंगच्या मेळाव्याला जावं, जवळच्या क्लासला जावं की घरी व्हिडिओ बघून शिकावं?

टॅटिंग म्हणजे शटल या धागा गुंडाळलेल्या छोट्या साधनाने किंवा सुईने गाठी घालत केलेली लेस. तिच्या मेळाव्यांची नोंदणी सुरू झाली की ओळखीतल्या कुणी ना कुणी विचारतातच, जाऊ का गं, फी आहे, राहणं आहे, प्रवास आहे, आणि आता तर सगळं व्हिडिओवर फुकट मिळतं. प्रश्न रास्तच आहे. पण मी उत्तर देताना आधी पैशाचं बघत नाही, तुम्हाला नेमकं काय शिकायचंय ते विचारते. टॅटिंगमधल्या काही गोष्टी नुसत्या क्रमाच्या असतात, आधी हे मग ते, त्या व्हिडिओवरून छान येतात. आणि काही गोष्टी ताणाच्या असतात, म्हणजे कुठला धागा कधी ताणायचा आणि कुठला सैल सोडायचा, त्या नुसत्या बघून कळत नाहीत, शेजारी बसलेल्या बाईने तुमच्याच हातातला धागा धरून दाखवावं लागतं.

सगळ्यात पहिली गोष्ट तीच आहे. शटल टॅटिंग म्हणजे मुळात एकच गाठ, डबल स्टिच, तिचे दोन अर्धे भाग, बाकी रिंग (ओढून बंद केलेला गोल) काय, चेन (गाठींची कमान) काय, पिको (दोन गाठींमधला धाग्याचा छोटा फास) काय, सगळं त्यातूनच होतं. शटल हातावरच्या धाग्याखालून नेऊन वरून परत आणायचं, मग शटलचा धागा ताठ धरायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, की गाठ पलटते आणि हातावरच्या धाग्याची होऊन शटलच्या धाग्यावर बसते. ती पलटली नाही तरी बघणाऱ्याला गाठच दिसते, पण ती सरकत नाही, आणि गाठी सरकल्या नाहीत तर रिंग ओढून बंदच होत नाही. व्हिडिओत शटल कुठून कुठे गेलं ते दिसतं, बोट कधी सैल पडलं ते दिसत नाही. इथे समोर बसलेली बाई तुमच्या बोटावर बोट ठेवून "आता सोड" म्हणते आणि तासाभरात काम होतं, जे घरी एकटीने करायला गेलं तर कित्येक जणी महिनाभर झगडून शटल कपाटात टाकून देतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही, आणि अडलेलं असतं एवढंच.

मात्र या एका गाठीसाठी दूरच्या मेळाव्याला जायची गरज नाही. त्यासाठी जवळचा छोटा क्लास पुरे, लायब्ररीत बसणारा ग्रुप पुरे, टॅटिंग येणारी एखादी काकू किंवा आत्या असेल तर आणखी उत्तम. आणि खरंच कुणीच मिळत नसेल तर शटलवर एक रंग आणि हातावर येणाऱ्या धाग्याच्या गोळ्याला दुसरा रंग घेऊन नुसती चेन करत बसा, गाठ गोळ्याच्या रंगाची दिसली तर पलटली, शटलच्या रंगाची दिसली तर नाही पलटली. व्हिडिओवरून शिकणाऱ्यांना मी सांगते हेच आधी आठवडाभर करा, पॅटर्न नंतर.

आता मेळाव्याबद्दल. मेळावे पण सगळे एकसारखे नसतात. अमेरिकेत साऊथ कॅरोलिनाच्या पाल्मेटो टॅटर्स गिल्डचे टॅट डेज किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स टॅटिंग ग्रुपचं सेमिनार, ही फक्त टॅटिंगवाल्यांची जमवाजमव असते, क्लास छोटे छोटे असतात आणि दोन-तीन दिवसांत तुम्ही पाच-सहा वेगळ्या गोष्टींची तोंडओळख करून घेऊ शकता. याउलट आयओएलआय, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या लेसवाल्यांची मोठी संघटना, तिचं अधिवेशन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं, तिथे बॉबिन लेसचा (बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांत गुंफून केलेल्या लेसचा) जोर जास्त असतो, टॅटिंग त्यातला एक भाग, पण क्लास लांब असतात आणि एकाच शिक्षिकेकडे सलग बसून एक विषय नीट मुरवता येतो. इंग्लंडात रिंग ऑफ टॅटर्स ही टॅटिंगवाल्यांची संघटना १९८० पासून आहे, नातेवाईकांकडे तिकडे जाणं होत असेल तर त्यांचे कार्यक्रम बघून तारखा जुळवा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणारीने छोट्या क्लासांच्या मेळाव्यालाच जावं. आपल्याला पुढे कशात रमायचंय हेच अजून माहीत नसतं, मण्यांत, सेल्टिक गुंफणीत, ब्लॉकच्या रंगीत कामात की जुन्या पद्धतीच्या नाजूक रुमालाच्या काठात, आणि हे सगळं दोन दिवसांत एकाच छताखाली बाकी कुठे बघायला मिळणार.

पण मेळाव्याला जाऊन चुकीचे क्लास निवडले तर सगळा खर्च वाया जातो, आणि हे फार होतं. नोंदणीच्या पानावर सुंदर फोटो असतात, स्नोफ्लेक, देवदूत, कानातले, आणि आपण फोटो बघून क्लास घेतो. तो क्लास बहुतेक वेळा नुसता पॅटर्न असतो, आठ रिंगा करा मग चेन, वेळ संपतो, अर्धा नमुना घरी येतो. हे घरबसल्या झालं असतं की! क्लासच्या माहितीत कुठलं तंत्र शिकवणार ते वाचा, फोटो नका बघू.

समोरासमोरच शिकावं अशातलं पहिलं म्हणजे स्प्लिट रिंग. यात रिंगचा अर्धा भाग नेहमीसारखा होतो आणि उरलेला अर्धा दुसऱ्या शटलने, तोही गाठ न पलटवता, आणि अर्ध्या भागांचा क्रमही उलटा. म्हणजे जे एवढ्या कष्टाने हाताला लावलं तेच इथे मुद्दाम थांबवायचं, हात ऐकत नाही, आणि ती सवय मोडताना शेजारी कुणी असलं की फार फरक पडतो. फायदा मोठा आहे, रिंग संपताना धागे सुरुवातीच्या समोरच्या टोकाला बाहेर पडतात त्यामुळे धागा न कापता पुढच्या फेरीत चढता येतं, टोकं लपवायचं काम वाचतं. ज्यांनी मोठा गोल रुमाल केलाय त्यांना कळेल हे किती मोलाचं आहे.

दुसरं क्लूनी. पानाच्या आकाराची ती भरीव विणलेली पाकळी असते ना, ती टॅटिंगची गाठ नाहीच, हातावर तीन धागे ताणून शटल वर-खाली, वर-खाली नेत विणायची, आणि शेवटी ताणलेले धागे ओढून पाकळीला आकार द्यायचा. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती यायला प्रत्येक फेरीला किती ओढायचं हे बोटांनाच कळावं लागतं. छोटा लूम किंवा खाचा पाडलेलं कार्ड वापरलं तर सोपं पडतं, हातावर करायचं तर शिक्षिका हवीच. क्लूनीचा क्लास मिळत असेल तर दुसरा विचार करू नका, पहिली पसंती तिला द्या.

तिसरं ब्लॉक टॅटिंग, चेनच्या ओळीवर ओळ, जाऊन-येऊन. बघायला सोपं, पण ताण जरा कमीजास्त झाला की चौकोनाचा पंखा होतो.

बाकी बरंच काही घरी येतं. सेल्फ क्लोजिंग मॉक रिंग, नाव मोठं पण काम क्रमाचं, सुरुवातीला शटलच्या धाग्याचा एक लूप राखून ठेवायचा, चेन करायची, शेवटी शटल त्या लूपमधून काढून ओढायचं, झाली रिंग. लॉक जॉइन (पिकोला पक्कं जोडणं), जोसेफिन नॉट (नुसत्या अर्ध्या गाठींची छोटी रिंग), ओनियन रिंग (रिंगभोवती रिंग), टोकं लपवायची ती मॅजिक थ्रेडची युक्ती, हे सगळं व्हिडिओ थांबवत, मागे नेत, पाहिजे तेवढ्या वेळा बघत शिकावं, आणि इथे व्हिडिओ क्लासपेक्षा चांगला पडतो, कारण क्लासमध्ये दहा जणींसमोर चौथ्यांदा "परत दाखवा" म्हणायला आपल्याला संकोच होतो. मण्यांचं पण तसंच. मणी आधी ओवून मग शटल भरायचं, रिंगमध्ये लागणारे मणी रिंग सुरू करायच्या आधी हातावरच्या लूपमध्ये आणून ठेवायचे, हे नियम एकदा वहीत लिहिले की झालं.

शटल का सुई हा प्रश्नसुद्धा इथेच येतो, कारण मेळाव्यात दोन्हीचे क्लास असतात. सुईवर गाठ पलटवायची भानगडच नाही, गाठी सुईवर चढवायच्या आणि धाग्यावर ओढून घ्यायच्या, चुकलं तर ओढायच्या आधी सरळ उतरवता येतात. शटलवर रिंग बंद झाल्यावर उसवणं म्हणजे पिकोजवळ धरून, नखाने एकेक गाठ सैल करत, डोळ्यात तेल घालून करायचं काम. बोटं दुखणाऱ्या, सांधे धरलेल्या बायकांना मी सुईच सांगते आणि ती काही कमी प्रतीची गोष्ट नाही. पण सुईच्या जाडीमुळे गाठी थोड्या सैल बसतात, लेस मऊ आणि जरा फुललेली येते, ८० नंबरच्या बारीक धाग्यात जी टणक, रेखीव नक्षी हवी असते तिला शटलच. गळ्यातल्या-कानातल्या दागिन्यांसाठी जाड १० किंवा २० नंबरचा धागा सुईवर छान होतो. दोन्ही शिकायचं ठरलं तर आधी शटल, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शटलवरून सुईवर जाणं सोपं आहे आणि उलटं जाणाऱ्यांना पलटणारी गाठ पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

डावखुऱ्या बायकांसाठी वेगळं सांगते, क्लासमध्ये शेजारी बसू नका, उजव्या हाताने काम करणाऱ्या शिक्षिकेच्या अगदी समोर बसा, आरशात बघितल्यासारखं सगळं बरोबर येतं. व्हिडिओ आरशासारखा उलटवून बघता येतो, त्यामुळे तुम्हाला व्हिडिओ उलट जास्त सोयीचा.

आता खर्च. मेळाव्यात फी, खोली, प्रवास, आणि तिथे विक्रीला मांडलेली लाकडी शटलं आणि न पाहिलेल्या रंगांचे धागे, हे चौथं आधीच धरून चला. झूमवरच्या क्लासला यातलं काही नाही, आणि शिक्षिकेने कॅमेरा वरून हातावर लावलेला असेल तर मेळाव्यातल्या मागच्या रांगेपेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. फक्त ती तुमचा हात धरू शकत नाही. म्हणून झूम घेणार असाल तर थोड्या विद्यार्थिनी असलेला घ्या आणि आपला कॅमेरा पण हातावर लावा, चेहऱ्यावर नको. आणि मेळाव्याची एक गोष्ट कुठल्याच क्लासच्या माहितीत लिहिलेली नसते, ती म्हणजे संध्याकाळची बैठक. जेवणं झाल्यावर सगळ्या आपापलं काम घेऊन बसतात, कुणाकडे आजीचं हाडाचं शटल असतं, कुणी वेगळ्याच पद्धतीने जॉइन करते, तुम्ही विचारलं की लगेच करून दाखवते. मी तिथे जे शिकले ते अजून रोज हातात आहे. दिवसभराच्या क्लासांनी दमून खोलीत जाऊन झोपायचा मोह होतो, त्या दोन तासांसाठी दुपारचा एखादा क्लास सोडला तरी चालेल.

जायचं ठरलं तर बरोबर काय न्यायचं ते पण सांगते, दोन वेगवेगळ्या रंगांचा २० नंबरचा धागा, एकसारखी दोन शटलं घरूनच भरून, अगदी बारीक क्रोशाची सुई, छोटी कात्री, चष्मा असेल तर जवळचा. गडद रंग आणि काळा धागा नको, हॉलमधल्या दिव्यात गाठी मोजता येत नाहीत. रंग बदलत जाणारा व्हेरिगेटेड धागा दिसायला छान पण नवीन तंत्र शिकताना तो घरीच ठेवा.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापूरच्या बायका म्हणतील आमच्यासाठी यातलं काय. माझ्या आत्याच्या पिढीत झबल्या-टोपड्याला, रुमालाला, ब्लाऊजच्या गळ्याला टॅटिंगची लेस घरोघरी लावलेली असायची, त्यामुळे ही कला आपल्याकडे परकी नाही, फक्त हात विखुरलेत. धागा म्हणाल तर अँकरचा २० नंबरचा मर्सराइज्ड कॉटन क्रोशाचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतो, सुरुवातीला तो पुरतो. तुम्ही चौघी-पाच जणींनी महिन्यातून एक दुपार ठरवा, पलटणारी गाठ ज्यांना पक्की येते त्या बाकीच्यांना हात धरून शिकवतील, मग प्रत्येकीने दर महिन्याला एकच नवी गोष्ट व्हिडिओवरून घरी बसवून आणायची आणि बाकीच्यांना दाखवायची, पहिल्या महिन्यात नुसते जॉइन घ्या, दुसऱ्यात मॉक रिंग, आणि स्प्लिट रिंगला दोन दुपारी राखून ठेवा.